तेविसावा दिवस

जयवंती गिरपच्या श्वासनळीतून
ब्रशाच्या टोकावर आलेला हा ऐवज.
मोजला तर दोन लाख पेशी,
डोळ्यांना मात्र गढूळ थेंब, पेजेच्या निवळीसारखा.
सव्वीस वर्षं काजूच्या भट्टीशेजारी बसून
तिने जो धूर आत घेतला
त्याचं सगळं म्हणणं या थेंबात आहे
असं आम्ही धरून चाललोय.

सही करताना तिने विचारलं होतं, "दुखतला?"
लोबो डॉक्टर म्हणाले, खोकला येईल.
"तो काय नवीन हा?"

वेंगुर्ल्यात, खाडीकडच्या उतारावर
जुन्या क्षयरोग वॉर्डाच्या दोन खोल्या: आमची प्रयोगशाळा.
एक दिवसाआड मी येते, रविवारीसुद्धा.
संकष्टीला आले. पालखीच्या रात्रीही आले,
केसांत अबोली तशीच,
वरून टोपी चढवली.
चाळणीसारख्या पडद्यावर पेशी पसरल्या, एकमेकींना भिडल्या,
तेव्हा वरचं पाणी काढून घेतलं.
आता खाली गुलाबी रस, वर उघडी हवा.
मांडवीच्या चिखलात तिवरांची मुळं
ओहोटीला अशीच नाकं वर काढून उभी असतात.

चौदाव्या दिवशी लाईट गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला.
मी इनक्यूबेटरच्या दाराला पाठ लावून बसले,
कोणी उघडू नये म्हणून.
उघडायला तिथे दुसरं कोणीच नव्हतं.

तेविसाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली
काहीतरी हललं.
आधी वाटलं माझीच पापणी.
मग कडेपासून कडेपर्यंत
सगळं शेत लवलवायला लागलं.

मी फोन केला. असं करायचं नसतं.
ती दुसऱ्या दिवशी आली, दर दहा पावलांना थांबत,
काजूच्या डिंकाने काळी पडलेली बोटं पदरात लपवून.
डोळा लावून बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "ह्यो माझ्यो?"
"तुमच्याच."
"रापण वडतत गो."
पुन्हा वाकली.
"पण हयसर बघ, एकाचो हात मागे पडता.
तो वडता तेवा बाकीचे सोडतत."

लय बिघडल्याचं आमचं सॉफ्टवेअर
पुढच्या सोमवारी सांगणार होतं.

ती गेल्यावर मी भट्टीच्या धुराचा अर्क घातला.
हे काम माझं आहे.
चोवीस तासांनी खालचा रस काढून
शहाण्णव खळग्यांत वाटला.
जितकं पिवळं, तितकी मोठी हाक.
पेशी हाक मारतात: या, इथे आग आहे.
शरीरात त्या हाकेवर फौजेच्या फौजा धावतात,
आग विझवता विझवता वासे उपटतात,
आणि दम लागतो तो त्या मदतीचा.
इथे बशीत कुणीच येत नाही.
म्हणून तर नुसती हाक मोजता येते.
जयवंतीचे खळगे
धूर घालायच्या आधीपासूनच पिवळे होते.

पस्तिसाव्या दिवशी पडदा कापायचा.
तिने जाताना विचारलंच होतं,
"मगे काय करतलास ह्यांचा?"
मी म्हटलं, जपून ठेवू.
फॉर्मॅलिनला जपणं म्हणता येतं का,
मी अजून ठरवलेलं नाही.

सोमवारी ती कारखान्यात परत गेली.
हंगाम आहे, बी महाग आहे.
नोंदवहीत दाता क्रमांक सात,
ठोके सेकंदाला नऊ, सुसंगती कमी.
त्यापुढे शेऱ्याची जागा.

मी तिला विचारलं होतं,
रापणीत ज्याचा हात मागे पडतो
त्याला बाजूला करतात का?
ती हसली, मग खोकला, मग बराच वेळ खोकलाच.
"वाटो त्येकाय मिळता गो.
दोरयेर हात हा ना."

शेऱ्याची जागा मी रिकामी ठेवली.
हातमोजे चढवले.
खाली गुलाबी रस भरला. वर हवा.